विश्लेषण : भूकंपात मोडलेली १३६ वर्षांची इमारत सिॲटलने पाडली का नाही? जुन्या बाजारपेठांसाठी त्यात कोणता धडा?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सिॲटल शहराला हादरवणाऱ्या निस्क्वाली भूकंपाला २०२६ मध्ये २५ वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी शहराच्या जुन्या बाजारपेठेतील कॅडिलॅक हॉटेल या विटांच्या इमारतीचा वरचा भाग रस्त्यावर कोसळला. मालकाला ती पाडायची होती. आज मात्र ती उभी आहे आणि तिच्यात राष्ट्रीय उद्यान सेवेचे संग्रहालय चालते. जुनी व्यापारी इमारत भूकंपानंतर कशी वाचवता येते, याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण. पण त्याच शहरात अशा धोक्याच्या सुमारे १,१०० इमारती नोंदवल्या गेल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचे पुरेसे मजबुतीकरण झालेले नाही. एक इमारत वाचली, मग बाकीच्यांचे काय, हा प्रश्न २५ वर्षांनंतरही कायम आहे. तो केवळ सिॲटलचा नाही.

कॅडिलॅक हॉटेल ही इमारत काय आहे?

६ जून १८८९ रोजी सिॲटलच्या व्यापारी भागात मोठी आग लागली. एका सुतारकामाच्या दुकानात गरम करायला ठेवलेले सरसाचे भांडे पेटले आणि लाकडी इमारतींचा जवळपास सगळा बाजार जळून गेला. त्यानंतर महापालिकेने नियम केला : या भागात पुन्हा बांधायचे तर वीट, दगड आणि लोखंडातच. कॅडिलॅक हॉटेलची तीन मजली इमारत याच लाटेत, १८८९-९० मध्ये उभी राहिली. खाली दुकाने, वर कामगार आणि प्रवाशांसाठी स्वस्त खोल्या, अशी तिची रचना होती.

१८९७ च्या जुलैमध्ये ‘पोर्टलंड’ ही आगबोट क्लोंडाइकचे सोने घेऊन सिॲटलच्या बंदराला लागली. त्यानंतर सुमारे लाखभर लोक उत्तरेकडे निघाले आणि त्यातल्या मोठ्या गर्दीचे सामान, तिकीट, मुक्काम हे सगळे सिॲटलमध्ये झाले. या परिसराचा, म्हणजे पायोनियर स्क्वेअरचा, व्यापार त्यावर वाढला. पुढे बाजार उत्तरेकडे सरकला आणि जुना भाग मागे पडला.

१९७० मध्ये शहरातील ओझार्क हॉटेलला आग लागून २० जणांचा बळी गेला. अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. स्वस्त भाड्याच्या जुन्या हॉटेलांना नवी यंत्रणा बसवणे परवडेना. अनेकांनी वरचे मजले बंद केले. कॅडिलॅकचे वरचे मजलेही तेव्हापासून रिकामे पडले. खालचे गाळे चालू राहिले. २००१ मध्ये तिथे एक नाइट क्लब होता. म्हणजे भूकंप आला तेव्हा या इमारतीचा मोठा भाग तीन दशके भाडे न देणारा होता. ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादात महत्त्वाची ठरली.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी काय घडले?

सकाळी १० वाजून ५४ मिनिटांनी ६.८ तीव्रतेचा धक्का बसला. केंद्र सिॲटलच्या नैर्ऋत्येला, ऑलिम्पिया आणि टॅकोमा या शहरांच्या दरम्यान होते. खोली सुमारे ५२ किलोमीटर. भूकंप इतका खोल असल्याने लाटा पृष्ठभागावर येईपर्यंत बऱ्याच विरल्या. सुमारे ४०० जण जखमी झाले आणि मृत्यू एकच नोंदला गेला, तोही हृदयविकाराच्या झटक्याने. नुकसान मात्र अब्जावधी डॉलरचे होते.

पायोनियर स्क्वेअरला धक्का जास्त जाणवला, कारण हा भाग भरतीच्या दलदलीवर भर घालून तयार केलेला आहे. अशी मऊ जमीन भूकंपाची हालचाल वाढवते. कॅडिलॅक हॉटेलच्या गच्चीवरचा कठडा आणि वरच्या मजल्याच्या भिंतीचे भाग खाली पदपथावर आले. खाली उभ्या गाड्या विटांखाली दबल्या.

आदल्या रात्री याच परिसरात मार्डी ग्राच्या उत्सवासाठी हजारो लोक रस्त्यावर होते. त्या रात्री दंगल झाली आणि शहरभर तीच बातमी चर्चेत होती. धक्का काही तास आधी बसला असता, तर कोसळणाऱ्या विटांखाली गाड्या नव्हे, माणसे असती. सिॲटलमध्ये जीवितहानी झाली नाही याचे श्रेय इमारतींना देता येत नाही. वेळ आणि खोली या दोन योगायोगांना द्यावे लागते.

विटांच्या जुन्या इमारती अशाच का मोडतात?

या इमारतींना अभियांत्रिकीत ‘अप्रबलित वीटकाम’ म्हणतात, म्हणजे आत लोखंडी सळई नसलेले वीटकाम. वीट आणि चुना दाब उत्तम सोसतात. तीन मजल्यांचे वजन शंभर वर्षे खाली पोहोचवणे त्यांना अवघड नाही. पण भूकंप वजन खाली ढकलत नाही, आडवे हलवतो. आडव्या हालचालीत भिंतीत ताण निर्माण होतो आणि ताण सोसण्याची ताकद चुन्यात जवळपास नसते.

त्यातही तीन जागा सगळ्यात आधी जातात. पहिली, गच्चीचा कठडा. तो सर्वांत उंचावर असतो, तिथे हालचाल सर्वांत जास्त असते आणि त्याला मागून आधार काहीच नसतो. साधा हिशेब केला तरी धोका कळतो. एक मीटर उंच आणि ३० सेंटीमीटर जाड कठड्याचे वजन दर मीटर लांबीला जवळपास ६०० किलो भरते. १२ मीटरवरून पडताना तो पदपथावर ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने आदळतो. आणि घाबरून इमारतीबाहेर धावणारा माणूस नेमका त्याच पदपथावर येतो.

दुसरी जागा म्हणजे भिंत आणि मजला यांचा सांधा. लाकडी तुळया भिंतीतल्या खोबणीत नुसत्या टेकवलेल्या असतात. भिंत बाहेर झुकली की तुळई खोबणीतून निसटते आणि मजला बसतो. येथे एक विचित्र गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी विटांच्या इमारतींत तुळईचे टोक अनेकदा मुद्दाम तिरके कापलेले असे. आग लागून तुळई मध्ये जळून तुटली, तर ती भिंतीला ओढून न पाडता अलगद सुटून यावी, हा हेतू. आगीसाठी केलेली ही सोय भूकंपात उलटी पडते : जो सांधा घट्ट हवा, तोच सहज सुटणारा ठेवलेला असतो. आगीत जळलेल्या शहराने विटा निवडल्या, हा निर्णय आगीपुरता बरोबर होता. जमीन हलली तर काय, हा प्रश्न तेव्हाच्या नियमात नव्हता.

तिसरी जागा म्हणजे तळमजल्याचा दर्शनी भाग. दुकानाला मोठ्या काचा आणि रुंद दारे लागतात. त्यामुळे रस्त्याकडच्या बाजूला भिंत जवळजवळ नसतेच, वरचा भार मोजक्या खांबांवर असतो. मागची बाजू ताठ, पुढची लवचीक, म्हणून इमारत हलताना पिळवटली जाते. व्यापारी इमारती या दोषात घरांपेक्षा पुढे असतात.

लाल पाटी म्हणजे पाडण्याचा आदेश का?

नाही, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. भूकंपानंतर अभियंते इमारतींची झटपट पाहणी करून हिरवी, पिवळी किंवा लाल पाटी लावतात. ही पद्धत अमेरिकेत १९८९ पासून रूढ आहे. हिरवी म्हणजे वापर चालेल, पिवळी म्हणजे मर्यादित प्रवेश, लाल म्हणजे आत जाणे असुरक्षित. लाल पाटी ‘आत्ता आत जाऊ नका’ एवढेच सांगते. इमारत दुरुस्त होईल का, हे ठरवायला सविस्तर तपासणी लागते आणि तिला आठवडे किंवा महिने जातात.

पण बाजारपेठेत तेवढा धीर नसतो. रस्ता बंद असतो, शेजारच्या दुकानदारांचा धंदा बुडत असतो, पुढच्या धक्क्यांची भीती असते. मग लाल पाटीचा अर्थ ‘पाडा’ असा घेतला जातो. कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे १७ ऑक्टोबर १८८९ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपानंतर हेच झाले. तिथल्या मुख्य रस्त्यावरची कूपर हाउस ही १८९४ ची लाडकी इमारत काही दिवसांतच पाडली गेली. ती खरोखर वाचण्याच्या पलीकडे होती का, हा वाद त्या शहरात नंतरही होत राहिला. या अनुभवानंतर कॅलिफोर्नियाने कायद्यात तरतूद केली : नोंद असलेली ऐतिहासिक इमारत नैसर्गिक आपत्तीत मोडली, तर तातडीचा धोका नसताना ती राज्याच्या वारसा कार्यालयाच्या संमतीविना पाडता येत नाही. या तरतुदीने मिळतो तो वेळ. वाचलेल्या बहुतेक इमारतींच्या मागे असा मिळालेला वेळ असतो.

कॅडिलॅकबाबत निर्णय कसा फिरला?

मालकाच्या बाजूने पाहिले तर पाडण्याची मागणी समजण्यासारखी होती. वरचे दोन मजले १९७० पासून उत्पन्न देत नव्हते. दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या किमतीपुढे मोठा होता. मोकळा भूखंड विकणे किंवा नवे बांधणे अधिक सोपे होते.

पण पायोनियर स्क्वेअर हा १९७० पासून संरक्षित वारसा परिसर आहे. तिथे पाडकामासाठी परिसराच्या जतन मंडळाची मान्यता लागते. या संरक्षणामागेही एक आठवण होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला याच भागातले सिॲटल हॉटेल पाडून तिथे वाहनतळ बांधला गेला. बुडत्या जहाजासारखा दिसणारा तो वाहनतळ अजून आहे आणि गावाने त्याला तेच नाव दिले आहे. तो पाहून शहरात जतनाची चळवळ उभी राहिली.

नियमामुळे पाडकाम थांबले, पण नियम इमारत दुरुस्त करत नाही. पाडायला परवानगी नाही आणि दुरुस्तीला पैसा नाही, अशा इमारती वर्षानुवर्षे कुंपणात पडून राहतात आणि शेवटी पावसाने जातात. इथे वेगळे घडले, कारण ‘हिस्टॉरिक सिॲटल’ ही संस्था पुढे आली. शहरानेच १९७० च्या दशकात स्थापन केलेली ही सार्वजनिक विकास संस्था जुन्या इमारती विकत घेऊ शकते, कर्ज उभारू शकते आणि भाड्याने देऊ शकते. तिने मोडलेली इमारत मालकाकडून विकत घेतली. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे भाडेकरू. क्लोंडाइक सुवर्णशोधाच्या स्मृतीसाठी १९७६ मध्ये अमेरिकी संसदेने मंजूर केलेल्या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचे सिॲटलमधील केंद्र या इमारतीत यायला तयार झाले. केंद्र सरकारची यंत्रणा भाडेकरू असेल, तर कर्ज देणाऱ्याला भरवसा वाटतो. २००६ पासून ते केंद्र इथे आहे.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र आल्या : पाडकाम रोखणारा नियम, इमारत घ्यायला तयार असलेला नवा मालक आणि दीर्घकाळ भाडे देणारा भाडेकरू. यातली एक जरी नसती, तरी आज तिथे कदाचित दुसरा वाहनतळ दिसला असता.

दुरुस्ती म्हणजे प्रत्यक्षात काय करतात?

भूकंपानंतर पहिले काम टेकू देण्याचे असते. झुकलेल्या भिंतींना बाहेरून आणि आतून तात्पुरते आधार देतात, सुटे झालेले भाग उतरवतात. पडलेल्या विटा फेकून देत नाहीत. जुन्या विटेचा आकार आणि रंग नव्या विटेशी जुळत नाही, म्हणून चांगल्या विटा साफ करून पुन्हा वापरतात. सांध्यांत सिमेंट भरण्याचा मोह टाळावा लागतो. सिमेंट जुन्या विटेपेक्षा कडक असते. पाणी सांध्यातून बाहेर पडण्याऐवजी विटेत अडकते आणि वीट फुटू लागते. म्हणून चुन्याचे प्रमाण जास्त असलेला मसाला वापरतात.

त्यानंतर मजबुतीकरण येते. त्याचे साधारण तीन स्तर आहेत.

पहिला स्तर म्हणजे बांधून घेणे. कठड्याला छताकडून तिरके पोलादी आधार देतात. प्रत्येक मजल्यावर भिंत आणि तुळया पोलादी पट्ट्या व बोल्टने एकमेकांना जोडतात. बाहेरून भिंतीवर गोल किंवा चांदणीच्या आकाराच्या लोखंडी चकत्या दिसतात, त्या याच बोल्टच्या. मजल्यावर प्लायवूडचा थर ठोकून तो एकसंध पत्र्यासारखा करतात, म्हणजे तो आडवा भार चारही भिंतींवर वाटतो.

दुसरा स्तर म्हणजे नवा सांगाडा. दुकानाच्या रुंद दर्शनी भागामागे पोलादी चौकट उभी करतात. काही भिंतींना आतून सळयांची जाळी लावून त्यावर दाबाने काँक्रीट मारतात. दर्शनी भिंत बिघडू द्यायची नसेल, तर गच्चीवरून खालपर्यंत भिंतीच्या आतून भोके पाडून त्यात सळई आणि ग्राउट भरण्याचीही पद्धत आहे. काम महाग, पण बाहेरून काहीच दिसत नाही.

तिसरा स्तर म्हणजे इमारत जमिनीपासून वेगळी करणे. पायाखाली रबर आणि पोलादाचे थर असलेले आधार बसवतात, जमीन हलली तरी वरची इमारत कमी हलते. सॉल्ट लेक सिटीच्या जुन्या पालिका इमारतीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे केले गेले. सरकारी वास्तूंना ते जमते, बाजारातल्या तीन मजली इमारतीला सहसा परवडत नाही.

यातला पहिला स्तर सर्वांत स्वस्त आणि जीव वाचवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. तो केलेली इमारत मोठ्या धक्क्यानंतर कदाचित वापरण्याजोगी राहणार नाही, पण रस्त्यावर कोसळण्याची शक्यता खूप कमी होते. आणि तो भूकंपाआधी करता येतो. कॅडिलॅकच्या वाट्याला जे मोठे काम आले, ते या स्वस्त कामाची वेळ निघून गेल्यानंतरचे होते.

पैसा कुठून येतो?

अमेरिकेत उत्पन्न देणाऱ्या नोंदणीकृत ऐतिहासिक इमारतीच्या मान्य दुरुस्ती खर्चाच्या २० टक्के इतकी केंद्रीय करसवलत मिळते. अट अशी की काम राष्ट्रीय उद्यान सेवेच्या मानकांनुसार व्हायला हवे. वॉशिंग्टन राज्यात आणखी एक योजना आहे. पात्र दुरुस्तीवर झालेला खर्च दहा वर्षे मालमत्ता कराच्या मूल्यांकनातून वगळला जातो. इमारतीच्या मूल्यांकनाच्या किमान २५ टक्के खर्च दोन वर्षांत केलेला असावा लागतो.

या सवलतींचा उपयोग आहे, पण मर्यादाही आहेत. ज्याला पुरेसा कर भरावाच लागत नाही, अशा छोट्या मालकाला करसवलत थेट उपयोगी पडत नाही. नोंदणी नसलेल्या साध्या जुन्या इमारतीला ती मिळतच नाही. आणि पैसा काम झाल्यावर परत येतो, सुरुवातीला खिशातून घालावा लागतो. त्यामुळे मोठी संस्था जे करू शकली, ते दोन-चार गाळ्यांचा मालक करू शकेलच असे नाही.

मग सक्ती का केली जात नाही?

काही शहरांनी केली. लॉस एंजेलिसने १९८१ मध्ये अध्यादेश काढून सुमारे ८,००० अप्रबलित वीटकामाच्या इमारती मजबूत करणे किंवा पाडणे बंधनकारक केले आणि बहुतेक प्रकरणे मार्गी लागली. कॅलिफोर्नियाने १९८६ मध्ये धोक्याच्या भागातील पालिकांना अशा इमारतींची मोजणी करण्यास भाग पाडले.

सिॲटलमध्ये चर्चा दीर्घकाळ चालली. यादी तयार झाली, समित्यांचे अहवाल आले आणि डिसेंबर २०२१ मध्ये नगर परिषदेने सक्तीचा कार्यक्रम तयार करण्याचा ठराव केला. अडचण खर्चाची आहे. या इमारतींत स्वस्त भाड्याची घरे, छोटी दुकाने, स्थलांतरितांच्या संस्था आहेत. शेजारचा चायनाटाउन भाग अशाच इमारतींचा आहे. सक्ती केली आणि मदत दिली नाही, तर मालक विकतील, नवा विकासक पाडेल आणि जुने भाडेकरू बाहेर पडतील, ही भीती निराधार नाही. १९७० च्या अग्निसुरक्षा नियमानंतर असे झालेले या शहराने पाहिले आहे. नियम जीव वाचवण्यासाठी होता. पण मदतीविना आल्याने त्याने खोल्या रिकाम्या केल्या.

पोर्टलंड शहराने मधला मार्ग शोधला. अशा इमारतींवर धोक्याची पाटी लावण्याचा नियम २०१८ मध्ये केला. मालक न्यायालयात गेले आणि शहराला माघार घ्यावी लागली.

थांबण्याची किंमत काय?

कॅलिफोर्नियातील पासो रोब्लेस गावाने ती मोजली. तिथल्या चौकातली घड्याळाच्या मनोऱ्याची १८९२ ची इमारत मजबूत करण्यासाठी पालिकेने मालकांना २०१८ पर्यंतची मुदत दिली होती. २२ डिसेंबर २००३ रोजी भूकंप झाला, इमारत कोसळली आणि बाहेर पडणाऱ्या दोन महिलांचा मृत्यू झाला. मुदत संपायला १५ वर्षे होती, म्हणून आमची चूक नाही, असे मालकांचे म्हणणे होते. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये ते फेटाळले. पालिकेची मुदत ही किमान अट आहे. धोका माहीत असताना काळजी घेण्याची जबाबदारी त्यामुळे पुढे ढकलली जात नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता.

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ रोजी बसलेला धक्का तीव्रतेने निस्क्वालीपेक्षा कमी होता, पण तो उथळ होता आणि दुपारी जेवणाच्या वेळेला आला. १८५ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ४० च्या आसपास विटांच्या जुन्या इमारतींमुळे, आणि बहुतेक रस्त्यावर किंवा शेजारच्या इमारतीत होते. म्हणजे इमारत मजबूत न करण्याचा निर्णय मालकाचा, आणि जीव जातो पदपथावरून जाणाऱ्याचा. या प्रश्नाला केवळ खासगी मालमत्तेचा प्रश्न म्हणता येत नाही, ते यामुळेच. सिॲटलखालून जाणारा उथळ भ्रंश पुढच्या वेळी हलला, तर तिथली तुलना २००१ शी नव्हे, क्राइस्टचर्चशी होईल, असे अभ्यासकांना वाटते.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे १० हजार लोकांचा बळी गेला. तिथल्या घरांच्या भिंती जाड दगडाच्या होत्या, पण आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नव्हता. मध्ये माती आणि खडी, वर मातीचे जड धाबे. हादऱ्यात दोन थर वेगळे झाले. सिॲटलची वीट आणि किल्लारीचा दगड यांतला दोष एकच : वजन भरपूर, बांधणी नाही. त्यानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात उभ्या घरांच्या भिंतींत आरपार दगड किंवा सळईचे काँक्रीट बसवून दोन थर जोडण्याचे तंत्र वापरले गेले. भारतीय मानक ब्युरोची आयएस १३९३५ ही संहिता वीटकामाच्या इमारतींची तपासणी, दुरुस्ती आणि मजबुतीकरण कसे करावे ते सांगते. म्हणजे तंत्र आपल्याकडेही आहे, आणि ते आपल्याच अनुभवातून आले आहे.

मुंबईचा फोर्ट किंवा काळबादेवी, पुण्याच्या पेठा, या भागांत भारवाही भिंती आणि लाकडी मजल्यांच्या व्यापारी इमारती मोठ्या संख्येने आहेत. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. ३० वर्षांवरील इमारतींना संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. म्हाडाचे दुरुस्ती मंडळ दर वर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. आपली काळजी पावसाभोवती फिरते, आणि ते स्वाभाविक आहे; दर वर्षी इमारती पावसात पडतात. पण तीच तपासणी करताना दोन प्रश्न जास्तीचे विचारता येतील : गच्चीचा कठडा मागून बांधलेला आहे का, आणि तुळया भिंतीला जोडलेल्या आहेत की नुसत्या टेकलेल्या?

पैशाचा पेच मात्र सारखाच आहे. गोठलेल्या भाड्यावर मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरूला हक्क जाण्याची भीती असते आणि दोघांनाही पुनर्विकास हाच एकमेव मार्ग दिसतो. कॅडिलॅक वाचली ती इमारत विकत घेऊन, दुरुस्त करून, भाड्याने देऊ शकणारी सार्वजनिक संस्था शहराकडे तयार होती म्हणून. असे काम करणारी यंत्रणा संकट आल्यावर उभी करता येत नाही.

पुढे काय?

सिॲटलपुढे आता सक्तीच्या कार्यक्रमाचे तपशील आणि त्यासाठीचा निधी हे दोन प्रश्न आहेत. खर्चाचा वाटा कोण किती उचलणार, छोट्या मालकांना कर्ज कसे मिळणार आणि काम चालू असताना भाडेकरू कुठे राहणार, यावर सगळे अवलंबून आहे. कठडे आणि भिंती बांधून घेण्याचा पहिला स्तर आधी, बाकीचे नंतर, असा टप्प्याटप्प्याचा मार्ग अनेक अभियंते सुचवतात, कारण पदपथावरचा धोका त्यानेच सर्वांत लवकर कमी होतो. २००१ मध्ये पडलेल्या भिंतींनी शहराला एक इमारत परत उभी करायला शिकवले. उरलेल्या सुमारे १,१०० इमारतींपैकी प्रत्येकीला हिस्टॉरिक सिॲटलसारखा खरेदीदार आणि राष्ट्रीय उद्यानासारखा भाडेकरू मिळणार नाही. त्यांच्यासाठी भूकंपाआधीचे बोल्टच परवडणारे आहेत.